वाटीभर पेज

एकदा एक तरुण सेनापती युद्धाला निघाला आणि वारा पडल्यामुळे खाडीच्या मुखाशीच अडकून बसला. गलबते सज्ज होती, सैनिक सज्ज होते, भर दरबारात त्याने मोहिमेचा विडाही उचलला होता. पण शिडांना त्याचे काय? ती वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबत राहिली.

खाडीकाठी माडांच्या बनातल्या आश्रमात त्याचे वृद्ध गुरू राहत असत. लहानपणी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. वारा सुटेपर्यंत त्याने आपला तंबू तिथेच ठोकला. खरे तर त्याला गुरूंचा आशीर्वाद हवा होता, कारण ज्या बेटावर चालून जायचे होते तिथे कोणी परके शत्रू राहत नव्हते. तिथे त्याचा सख्खा थोरला भाऊ राहत होता.

हे बेट एके काळी ओसाड होते. राजाच्या आजोबांच्या कारकिर्दीत इथलीच काही कुटुंबे तिकडे जाऊन वसली. त्यांनी रान तोडले, खारे पाणी अडवायला बांध घातले, भाताची शेते केली आणि आपसातले तंटे आपसातच मिटवले. पुढेही इथून माणसे जात राहिली. या शिष्याचा, म्हणजे सेनापतीचा, भाऊ त्यांतलाच एक. राजधानीला या लोकांची आठवण वर्षातून एकदाच होई. नवे पीक निघाले की बेटावरून तांदळाने भरलेले एक तारू येई, त्याच्या पुढच्या टोकाला नारळ बांधलेला असे. मूळच्या घराची आठवण म्हणून ते येई. कोणी मागितलेले नसे.

मग समुद्रात चाचे माजले. राजाच्या आरमाराने बेट वाचवले, पण खजिन्यात खडखडाट झाला. तेव्हा दरबाराने ठरवले की बेटावरच्या दर घराने सूपभर तांदूळ कर म्हणून द्यावा. बेटकऱ्यांनी निवेदन पाठवले, ते कोणी वाचले नाही. दुसरे पाठवले, तेव्हा उत्तरादाखल शिपाई गेले आणि लोकांच्या पडव्यांत बिछाने टाकून राहिले. अखेर एका सकाळी बेटकऱ्यांनी गोळा झालेला सगळा तांदूळ धक्क्यावरून समुद्रात ओतून दिला.

"सूपभरच तर होता, गुरुजी!" शिष्य तळमळून म्हणाला. "तारवातून याहून जास्त पाठवत होते की! आणि त्यांना वाचवलं कोणी? आमची माणसं मेली तिथं. दादासारख्या शहाण्या माणसाला एवढं कळू नये?"

त्याच्या आवाजात राग होता आणि रागाखाली भीती होती. धक्क्यावर दादाच समोर उभा राहिला तर काय करायचे, हे त्याने अजून स्वतःलासुद्धा विचारले नव्हते.

गुरूंनी ऐकून घेतले आणि ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्याने जुन्या सवयीप्रमाणे धोतर खोचले, चूल फुंकली आणि भांडेभर पेज रटरटवली. वर तुपाचा चांगला गोळा सोडला. सेनापती झाला तरी हे काम त्याने कोणा सैनिकावर सोपवले नाही. गुरू दोन वाट्या पेज प्यायले, तेव्हा त्याला फार बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी मात्र तो चुलीपाशी बसतो न बसतो तोच आश्रमातला गुराखी काठी आपटत आला.

"गुरुजींचा हुकूम आहे. रोज सूर्योदयाला वाटीभर पेज हजर करायची. कसूर झाल्यास सबब ऐकली जाणार नाही."

शिष्याला हसू आले. म्हातारपणी गुरुजींना थट्टा सुचते आहे असे समजून तो कालच्यासारखेच भांडे भरून घेऊन गेला. गुरूंनी त्याच्याकडे पाहिले नाही. एक वाटी मोजून घेतली आणि भांडे परत सरकवले.

"हुकूम वाटीचा होता. बाकीची घेऊन जा."

त्या संध्याकाळी तो तंबूत शिरला तर आत दोन गुराखी ऐसपैस पसरलेले. एकाने त्याचीच घोंगडी अंगावर ओढली होती. "पेज वेळेवर होते की नाही ते बघायला ठेवलंय आम्हाला," तो आळस देत म्हणाला.

शिष्य तसाच गुरूंकडे गेला. "गुरुजी, मला जरा बोलायचं होतं."

"तुला कोणी विचारलं?" गुरू म्हणाले. "तुझ्या तोंडात अक्षर मी घातलं, घास मी घातला. ते तोंड केव्हा उघडायचं हेही मीच ठरवीन."

एवढे बोलून त्यांनी दार लावून घेतले. शिष्य बंद दारासमोरून मागे फिरला. त्याचे कान तापले होते. या माणसासाठी त्याने जीवसुद्धा दिला असता, आणि आता त्याला वाटीभर पेज देणे जिवावर आले होते.

चौथ्या दिवशी त्याने पेज केली खरी, पण तूप घातले नाही. गुराखी काठी आपटत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आटप. सूर्य वर आला." तेव्हा शिष्याच्या मनात काय आले कोण जाणे! तो भांडे उचलून तरातरा खाडीवर गेला आणि सगळी पेज त्याने पाण्यात ओतली. पाण्यावर पांढरा पट्टा पसरला. मासे जमले. रिकामे भांडे हातात धरून तो उभा राहिला. संताप होता आणि त्याहून जास्त लाज होती.

मागे गुरू येऊन उभे राहिले होते. त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "वाटीभरच तर होती."

शिष्याने चमकून मान वळवली. आपलेच शब्द त्याने ओळखले. त्याच्या हातातले भांडे गळून पडले.

"बैस," गुरू म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा पूर्वीची माया होती. "दोन दिवस तुला छळलं, मलाही ते जड गेलं. आता ऐक. मी तुला शिकवलं हे खोटं नाही. तुझ्यावर माझं ऋण आहे, हेही खरं. जेवढी पेज तू आपण होऊन आणत होतास, त्याहून कमीच मी मागितली. तरी ती खाडीत गेली. कारण पेज मला नकोच होती. तू नाही म्हणू शकत नाहीस, एवढंच मला तुला दाखवायचं होतं. आणि ते तुला दिसलं."

"पण आरमाराचा खर्च?" शिष्य हळूच म्हणाला. "त्यातला वाटा त्यांनी उचलायला नको?"

"उचलायला हवा. पण घरच्या माणसाला शेजारी पाटावर बसवून विचारतात, की बाबा रे, एवढा खर्च आला, तुला किती झेपेल? बेटावरची माणसं स्वतःला राजाच्या घरची समजत होती. राजधानीतला माणूस जसा दरबारात उभा राहून बोलतो, तसं आपल्यालाही बोलता येईल असं त्यांना वाटत होतं. त्यांची निवेदनं तुम्ही वाचलीच नाहीत. आपण घरची माणसं नसून कोठारातला माल आहोत, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सूपभर तांदळासाठी कोणी जुनं नातं तोडत नाही, बाळ."

तेवढ्यात माडांचे शेंडे हलले. वारा सुटला. गलबतांवरून शिंगे वाजू लागली आणि सैनिक सेनापतीला शोधत काठावर आले.

"आशीर्वाद देऊ?" गुरूंनी विचारले.

शिष्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले, पण तो गलबतावर चढला नाही. तो राजधानीला परत गेला आणि त्याने राजासमोर विडा ठेवला. "महाराज, सैन्य नको, त्यांच्यातली चार माणसं बोलावून घ्या," असे त्याने हात जोडून सांगितले. दरबार खो खो हसला. राजाने तो विडा दुसऱ्याला दिला आणि याला घरी बसवले.

पुढे जे व्हायचे ते झाले. युद्ध कित्येक वर्षे चालले, दोन्हीकडची माणसे मेली आणि बेट राज्यातून कायमचे गेले. शिष्य खाडीकाठी गुरूंपाशी येऊन राहिला, मुलांना शिकवू लागला. भावाची काही खबर नव्हती. संध्याकाळी तो उगाचच पाण्याकडे बघत बसे.

एका वर्षी नवे पीक निघण्याच्या सुमाराला एक लहानसे तारू खाडीत शिरले. त्याच्या पुढच्या टोकाला नारळ बांधलेला होता. त्यातून पिकल्या केसांचा, एका पायाने लंगडणारा माणूस उतरला. त्याच्या खांद्यावर तांदळाचे पोते होते.

शिष्याने धावत जाऊन पोते आपल्या खांद्यावर घेतले. मग डोळे पुशीत कसाबसा म्हणाला, "दादा, एवढं कशाला आणलंस?"

"कुणी मागितलं नाही म्हणून," दादा म्हणाला.

ओसरीवर बसलेल्या अतिवृद्ध गुरूंनी आपली वाटी पुढे केली, आणि शिष्य चूल पेटवायला आत गेला.