आप्पांच्या खोंडाचा खुराक

२०२३ सालचा माघ महिना होता. पंचायत समितीचे सभापती जालिंदरआप्पा यांनी वायफळ खर्च म्हणून अंगणवाडीची अंडी बंद केली. खुरटलेल्या पोरांसाठी सेविका हौसाताई शेजारच्या कोंडाबाईकडून उसनी अंडी आणू लागली. पुढं कोंडाबाईनंही हात आखडला, तेव्हा हौसाताई आप्पांच्या गोठ्यावर गेली. आप्पा पाहुण्यांदेखत शर्यतीच्या खोंडाला दुधात फेटलेली अंडी पाजत होते.

"आप्पा, पोरांची अंडी सुरू करा."

"अगं, पोरं उंचीला आईबापावर जातात. अंड्यानं काय होतंय?"

"मग ह्याला कशाला पाजताय? ह्याच्या बापानं तर मैदानं मारलीत. हा जाईलच की बापावर."

पाहुणे खोंडाकडे बघू लागले. आप्पांनी पातेलं खाली ठेवलं.

सोमवारी अंगणवाडीत अंडी आली. पोरं जेवल्यावर हौसाताईनं पदरच्या पैशानं घेतलेली अंडी नेऊन कोंडाबाईची उसनवारी फेडली.