नरसम्माचं उत्तर

“मग वाढवायचं की नाही, एवढंच सांगा आप्पाजी.”

रेवणसिद्ध बिराजदारांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. विडी कामगारांचं किमान वेतन सरकारनं वाढवावं का, हे ठरवणाऱ्या समितीचे ते सदस्य. बाकीचे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सगळं अडलं होतं ते यांच्या एका सहीवर.

चन्नवीर आप्पाजी मठाच्या ओसरीवर दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, जेवणाची डाळ निवडत होते. रेवणसिद्ध लहानपणी त्यांच्याच पायाशी बसून शिकलेले. आता मात्र त्यांच्याजवळ आकडे होते, तक्ते होते. वाढवलं तर बायांच्या पोटाला मिळेल. वाढवलं तर कारखाने राज्याच्या हद्दीपलीकडे जातील. दोन्ही बाजू त्यांनी इतक्या झोकात मांडल्या, की स्वतःच मध्ये अडकून पडले.

आप्पाजी डाळ निवडत राहिले.

तेवढ्यात नरसम्मा पाया पडायला आली. चाळीस वर्षं विड्या वळून तिची बोटं वाकडी झालेली. आप्पाजींनी सूप तिच्याकडे सरकवलं.

“मला काय विचारतोस? हिला विचार.”

रेवणसिद्धांनी विचारलं.

“वाढवा की, साहेब.”

मग डाळीतला खडा बाजूला टाकत तिनं सहज सांगितलं, की मागं वाढलं तेव्हा तिच्या हातात चार पैसे जास्त पडले, आणि त्याच महिन्यात सून कामाला होती तो कारखाना बंद झाला. तेव्हापासून सून घरी बसून आहे.

“मग नको वाढवायला?”

“असं कसं? वाढवा की.”

हे कुठल्याच तक्त्यात बसेना. रेवणसिद्ध जरा चिडलेच. बाईला धड एक काही सांगता येत नाही, कायदा असा होत नसतो, असं ते पुटपुटले.

“तुझा पगार वाढला,” आप्पाजी म्हणाले, “तेव्हा कुणाला विचारायला गेला होतास?”

रेवणसिद्धांनी समितीची फाइल मांडीवर ओढली.

“म्हणजे वाढीवर सही करू?”

“हिची सून घरी बसलीय.”

“मग नको करू?”

“हिची बोटं पाहिलीस?”

त्यांनी पाहिली. फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“आप्पाजी, मला काहीच कळेनासं झालंय.”

आप्पाजी पहिल्यांदाच हसले.

“आता कर सही.”

“पण कुठल्या बाजूनं?”

“हिच्या सुनेसमोर बसून.”