मांडणीवरून काहीच पडलं नाही

"मग लोकांनी आजपासून घरात झोपायचं, असं तुझं म्हणणं?" सोवनीबाईंनी विचारलं.

"हो बाई. बिनधास्त."

हर्षद खरमाटेचा आवाज जरा चढाच होता. का नसावा? पोरगा हुशार, बाईंचा लाडका विद्यार्थी, आणि आंबेगणीच्या भूकंपाची पाहणी त्याने पहिल्यांदाच एकट्याने केलेली. बाई फक्त तपासायला आल्या होत्या.

शाळेच्या पटांगणात मंडपाखाली सगळं गाव त्याच्या एका शब्दासाठी ताटकळलं होतं. वारा असा की हाडं गोठावीत. ढेब्यांची सून ओली बाळंतीण. ती पोराला पदराखाली घेऊन, वळकटी बांधून तयारच बसली होती.

हर्षदने बाईंना सगळं समजावलं. परवाच्या धक्क्यात जमीन किती जोराने हलली, ते गावातल्या यंत्राने मोजलं होतं. त्या मापावरून माणसांना आणि घरांना धक्का केवढा बसला, हे काढायचं एक सूत्र असतं. सूत्र म्हणत होतं, बारापैकी सात. म्हणजे दगडमातीच्या भिंती आतून खिळखिळ्या झालेल्या, पुढच्या धक्क्याला कधी अंगावर येतील सांगवत नाही.

पण हर्षदने दारोदार जाऊन मांडणीवरून काय काय पडलं, असं विचारलं होतं. काहीच नाही, असं एकूण एक घराने सांगितलं. भिंतींना तडे दिसले, ते आधीच्या धक्क्यांचे असं त्याने धरून टाकलं. सात असते तर भांड्यांचा खच पडला असता! म्हणून त्याने सात खोडून पाच केले. पाचाला घर पडायची भीती नसते.

"सूत्र इथे फुगवून सांगतं, बाई. मी ते पकडलं."

टेबलावर त्याच्या चहाचा रिकामा पेला होता. त्यांनी तो उचलला, वाकून जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबल गदागदा हलवलं.

"काय पडलं?"

"काहीच नाही."

बाईंनी खाली ठेवलेल्या पेल्याकडे बोट दाखवलं.

हर्षद आधी हसला. बाईंचं आता वय झालं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. मग ते हसू ओठांवरच सुकलं.

तो उठला आणि तडक ढेब्यांच्या घरात शिरला. पाहणीच्या वेळी त्याने सगळीकडे पडवीतूनच विचारलं होतं. बूट काढून परक्याच्या स्वयंपाकघरात कोण जातं?

मांडणी रिकामी होती. हंडे, डबे, परात, सगळं भिंतीच्या कडेने जमिनीवर मांडलेलं. शेजारच्या घरात तेच. पुढच्याही घरात तेच.

मंडपातून मागोमाग आलेल्या म्हातारीला त्याने दारातच विचारलं. ती म्हणाली, गेल्या महिन्यात पहिल्यांदा हललं ना, तेव्हापासून वर काही ठेवतच नाही आम्ही. मग हे आधी का नाही सांगितलं, म्हणून तो चिडला. पडलं काय तेवढंच विचारलंत की, असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

तो धावतच बाईंकडे परत आला.

"बाई... भांडी आधीपासूनच खाली होती. म्हणजे पाच असते तरी पडली नसती, आणि सात असते तरी नाही."

"हं."

"मग पाच खरे की सात? कशावरून ठरवू? आता तर काहीच सांगता येत नाही."

तेवढ्यात मंडपातून सरपंचांनी हाक मारली, साहेब, पोरं काकडलीत, जाऊ का घरी? उत्तराची वाट न बघता ढेब्यांची सून उठलीसुद्धा. पोर छातीशी, वळकटी काखेत, आणि ती घराकडे चालू लागली.

हर्षद घाईने बाईंकडे वळला.

"बाई, आकडा कुठला सांगू?"

बाईंची नजर ढेब्यांच्या दाराकडे होती.

"सात खोडायला तुझ्याकडे आता कारण उरलेलं नाही. त्या बाळंतिणीला कुठल्या आकड्यात निजवतोस?"