राज्यातली सर्वांत मोठी चूक

राजा दुंदुभीसेनाच्या मंडपावर यंदा एकही दुधी धरेना! बोटभर लांब झाला की पिवळा पडायचा आणि टपकन खाली. नुसत्या राजवाड्यातच नव्हे, साऱ्या बेलकुंडी राज्यात हीच रड. कारण सगळे एकाच ग्रुपवर होते. ग्रुपचं नाव ‘वेल आणि मंडप’, ॲडमिन खुद्द महाराज, आणि महाराजांनीच तिथे फर्मान टाकलं होतं, “ज्या फुलामागे फळ दिसत नाही ते फूल आळशी! तोडून टाका!” प्रजेने मुकाट्याने सगळी नरफुलं तोडली.

फक्त हौसाबाई कासारणीने लिहिलं, “महाराज, हे काही पटत नाही. नरफूल नसेल तर फळ धरेल कसं?” महाराजांनी उत्तर दिलं, “बांगड्या विका, अक्कल विकू नका!” आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

हे उत्तर टाइप केलं होतं गोजीने. महाराजांच्या दहाही बोटांत अंगठ्या, त्यामुळे अक्षरावर बोट काही नीट पडत नसे. मग महाराज बोलायचे आणि त्यांची दासी गोजी टाइप करायची. शेजारी चोपदार उभाच. “खबरदार! महाराज टाइप करत आहेत!” अशी त्याची आरोळी चौकाचौकांत पोचली की लोक जेवणावरून उठून उभे राहायचे.

आता अख्ख्या राज्यात दुधी लगडले होते ते एकट्या हौसाबाईच्या मंडपावर. नरफुलं उरली होती तीही तिच्याचकडे. बाकीचे लोक वैतागून एकेक करून ग्रुप सोडत होते.

“गोजे!” महाराज गरजले. “उद्या दिवेलागणीपर्यंत ती बाई ग्रुपवर परत हवी, आणि फुलं माझ्या मंडपात! पण लक्षात ठेव, राजा चुकत नसतो, राजा माफी मागत नसतो आणि राजाची मान खाली जात नसते. हे सगळं सांभाळून जमव. नाहीतर तुलाच बुजगावणं करून मंडपात उभी करीन!”

गोजीने लगेच प्रधानजींना गाठलं. बुजगावण्याला बसायची परवानगी नसते, हे काय तिला कोणी सांगायला हवं होतं?

“त्यात काय एवढं!” प्रधानजी मिशीवर हात फिरवत म्हणाले. “लिही. जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर दरबारास खेद वाटू शकतो.”

गोजीने लिहिलं. चोपदार ओरडला. लोक उभे राहिले, त्यांनी वाचलं, आणि उभ्याउभ्याच निम्म्यांनी ग्रुप सोडला!

गोजी धावत हौसाबाईच्या दुकानी गेली. “मावशी, परत या ना! माझं बुजगावणं होतंय!”

“पोरी, तुझ्यावर न्हाई माझा राग,” हौसाबाई म्हणाली. “पण चारचौघांत मला बोलले, तर चारचौघांतच म्हणावं, माझं चुकलं. जर नको आन् तर नको. तेवढं झालं की फुलं टोपलीभर आणते.”

गोजी परत निघाली ती विचार करतच. महाराजांना दुसऱ्याचं काही मोठं झालेलं खपत नाही, हे तिने रोज पाहिलं होतं. एकदा प्रधानजींना दरबारात दणदणीत शिंक आली, तर महाराज दिवसभर तपकीर ओढत बसले आणि तिच्याहून मोठी शिंक काढूनच उठले! गोजी थबकली. मग हसली, आणि तडक प्रधानजींकडे गेली.

“प्रधानजी, ही चूक तुम्हीच अंगावर घ्या ना. महाराजांची सुटका होईल.”

प्रधानजींना अशा कामांची सवय होती. त्यांनी लगेच लिहिलं, “चूक माझी. महाराजांना तो सल्ला मी दिला. हौसाबाई बरोबर होत्या. मी माफी मागतो.”

झालं! ग्रुपवर नुसता कल्ला उडाला. बातमी पसरली तसे सोडून गेलेलेही परत आले. गोजी महाराजांना एकेक ओळ वाचून दाखवू लागली. “वा प्रधानजी! केवढं मोठं मन! यांची हत्तीवरून मिरवणूक काढा!”

“कोणाचं मन मोठं?” महाराजांनी विचारलं.

“प्रधानजींचं. आणि महाराज, बेलकुंडीत एवढी मोठी चूक आजवर कोणी केली नव्हती, असंही लिहिलंय.”

“खोटं!” महाराज सिंहासनावरून ताडकन उठले. “साऱ्या राज्याचे दुधी गळाले! एवढी मोठी चूक करायची त्या प्रधानाची ऐपत तरी आहे का?”

“नाही, महाराज. पण नाव तर त्यांचंच झालं.”

“दे तो मोबाइल!”

महाराजांनी अंगठ्या दातांनी ओढून काढल्या आणि एका बोटाने स्वतः टाइप केलं. “चूक माझी. सगळीच्या सगळी माझी. प्रधानाचा तिच्यात काडीचाही वाटा नाही. हौसाबाई बरोबर होत्या. त्यांना सगळ्यांदेखत टाकून बोललो, तोही मीच. मी माफी मागतो, आणि प्रधानापेक्षा जास्त मागतो!”

“पण हौसाबाई ग्रुपवर नाहीत. त्यांना हे दिसणार कसं?” गोजीने हळूच विचारलं.

“मग घे तिला आत! सगळ्यांच्या आधी तिला दिसलं पाहिजे!”

हौसाबाईने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लिहिलं, “पोचली माफी, महाराज. निघालेच.”

दिवेलागणीला मंडपात पांढरी फुलं उमलली. हौसाबाई टोपलीतलं एकेक नरफूल मादीफुलावर अलगद टेकवत होती, आणि महाराजही तिचं बघून तसंच करत होते. एकाएकी ते थांबले.

“गोजे! अगं, मी माफी मागितली की!”

चोपदार खांबाआड सरकला. गोजी शांतपणे म्हणाली, “माफी कुठली, महाराज? प्रधानजींनी आपली वस्तू उचलली होती. आपण ती फक्त परत घेतलीत!”

“आणि टाइप करताना माझी मान खाली गेली, ती?”

“मोबाइल हातात आला की सगळ्या जगाची मान खाली जाते, महाराज. त्यात आपली कोणाच्या लक्षात येणार?”

महाराज इतके हसले, इतके हसले, की मंडपाच्या खांबाला धरून खाली बसले. त्यांनी गोजीला तिथल्या तिथे ग्रुपची ॲडमिन केलं आणि वर एक हत्ती बक्षीस दिला. हत्ती तिच्या घरात मावेना, म्हणून नवं घरही दिलं!