हेलेच्या दारी ओडिन

पूर्वी, सूर्यचंद्रांचे मार्ग नुकतेच ठरले होते आणि यग्द्रसिल नामक महावृक्षाच्या आधाराने सारी भुवने नव्यानेच स्थिरावली होती, त्या युगात उत्तर दिशेच्या देवांमध्ये ओडिन हा ज्येष्ठ होता. ज्ञानाच्या एका घोटासाठी ज्याने आपला एक नेत्र विहिरीला अर्पण केला, ज्याच्या खांद्यांवर बसून दोन कावळे त्रिभुवनाची वार्ता कानात सांगत, तो हा सर्वपिता ओडिन. त्याच्याच नगरीत लोकी नावाचा एक मायावी राहत असे, आणि त्या लोकीला एका राक्षसीपासून झालेली कन्या म्हणजे हेला. उत्तरेचे लोक तिला नुसते हेल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या भाषेत हेला म्हणजे अनादर. आणि त्या बालिकेच्या वाट्याला जन्मतःच आला तोही अनादरच. तिचे अर्धे अंग शरदातल्या चांदण्यासारखे गौर, तर अर्धे शवासारखे काळेनिळे. तिला पाहताच देवसभेतल्या भल्याभल्यांनी माना फिरवल्या. तेव्हा ओडिनाने सर्व देवांसमक्ष आज्ञा केली, "जे रोगाने मरतील, जे वार्धक्याने मरतील, त्यांना तू आपल्या घरी आश्रय द्यावास. ते तुझे." आणि एवढे बोलून त्याने तिला हिमधुक्याच्या पाताळात लोटून दिले.

देवांच्या लेखी ब्याद टळली. हेला मात्र त्या निर्जन अंधारात काही काळ रडली, मग डोळे पुसून उठली. हद्दपारीच्या त्या भूमीवर तिने उंच कोट बांधला, कोटाला महाद्वार केले आणि आत एक विस्तीर्ण प्रासाद उभारला. हळूहळू मृतजन येऊ लागले. खोकल्याने खंगलेले वृद्ध, बाळंतपणात गेलेल्या स्त्रिया, साथीत सापडलेली माणसे. हेला प्रत्येकाला जागा देई. पण तेही तिच्या मुखाकडे न पाहता, खाली मान घालून भिंतीशी बसत. प्रासाद भरला, तरी त्याला घरपण येईना.

अशा त्या घरात एके दिवशी सिग्नी आली. केतिल नावाच्या योद्ध्याची ही पत्नी ऐन तारुण्यात तापाने गेली होती. तिने हेलेकडे सरळ पाहिले, चारी बाजूंना नजर फिरवली आणि विचारले, "देवी, इथे चूल कुठे आहे?"

मेलेल्यांना भूक कसली, म्हणून चूल केलीच नाही, असे हेलेने सांगितले. त्यावर सिग्नी म्हणाली की भूक नसेल, पण शेकायला आणि भोवती बसून बोलायला विस्तव नको का? हेलेला हे कधी सुचलेच नव्हते. त्याच दिवशी प्रासादाच्या मध्यभागी अग्नी प्रज्वलित झाला. त्याच्या उबेला भिंतीशी बसलेले एकेक जण पुढे सरकले, मधाच्या मद्याचे बुधले भरले गेले, आणि पाताळाने कधी न ऐकलेली गोष्ट त्या दिवशी ऐकली: हेला हसली. ती हसताना तिची गौर बाजू कोणती आणि काळी कोणती, हे पाहण्याचे कोणालाच भान राहिले नाही.

इकडे भूलोकी केतिल रणामागून रणे जिंकत होता. शत्रूंचे भाले त्याला शोधत थकले, पण त्याला मृत्यू आला तो म्हातारपणी, अंथरुणात, तापाने. उत्तरेच्या वीरांना असे मरण म्हणजे मोठा कमीपणा. कारण जो शस्त्राने पडतो, त्यालाच ओडिनाच्या वालहाल नामक वीरसभेत आसन मिळते. म्हणून केतिलाच्या सोबत्यांनी त्याचा श्वास अडकलेला असतानाच त्याच्या छातीवर भाल्याच्या टोकाने ओरखडा काढला. ती ओडिनाची खूण होती.

त्यामुळे घडले असे, की केतिल मरून हेलेच्या महाद्वाराशी आला, आणि त्याच वेळी ओडिनाची दूती, रणकुमारी रोता, सोनेरी चिलखत लेवून, रिकामा घोडा हाती धरून त्याला वालहालात न्यायला तेथे उतरली. केतिल आत येईना. अंथरुणातल्या मरणाच्या शरमेने मान खाली घालून तो दाराबाहेरच्या शिळेवर बसला.

हेलेने कोटावरून हे पाहिले. अग्नीजवळच्या बाकावर सिग्नीने आपल्या शेजारची जागा कधीच कोणाला दिली नव्हती, हे तिला ठाऊक होते. तिने सिग्नीला सांगितले, तू फक्त हो म्हण, मी त्याला आत ओढून दार लावून घेते.

सिग्नी म्हणाली, "धरून ठेवलेला माणूस घरातला होत नाही, देवी. जायचे असेल तर जाऊ दे त्यांना." मग मद्याचा एक पेला घेऊन ती स्वतःच दाराशी गेली.

केतिलाने मान वर केली. समोर ती होती तशीच तरुण, आणि तो पांढऱ्या दाढीचा.

"पुष्कळ म्हातारे झालात," सिग्नी म्हणाली.

"तू बोलावले असतेस तर लवकर आलो असतो," केतिल म्हणाला आणि त्याने पेला घेतला. मग त्याने रोतेला विचारले, की हिला माझ्यामागे घोड्यावर बसवता येईल का? रोता म्हणाली की वालहालात शस्त्राने पडलेल्यांनाच प्रवेश आहे. तिथे वीर रोज लढतात, रोज पडतात, सायंकाळी पुन्हा उठून भोजनाला बसतात, आणि हे युगान्तापर्यंत चालते, असेही तिने अभिमानाने वर्णन केले.

केतिल खदखदून हसला. "बाई, ते मी जिवंतपणीच पोटभर केले," असे म्हणून त्याने कमरेची तलवार सोडून रोतेच्या हाती दिली आणि सिग्नीमागोमाग उंबरठा ओलांडला.

ही वार्ता ऐकताच ओडिन क्रुद्ध झाला. आठ पायांच्या अश्वावर आरूढ होऊन, हाती अमोघ भाला घेऊन तो पाताळात आला तेव्हा नद्यांचे पाणी थबकले. द्वारात हेला एकटीच उभी होती. ज्याने लहानपणी आपल्याला लोटून दिले, त्याला ती त्यानंतर प्रथमच पाहत होती. पण ती बाजूला झाली नाही.

ओडिन गर्जला, "कन्ये, युगान्ताच्या महायुद्धासाठी मला वीर हवे आहेत. केतिलाच्या छातीवर माझी खूण आहे. त्याला बाहेर काढ, नाहीतर हे द्वार मी भाल्याने फोडीन."

हेला म्हणाली, "सर्वपित्या, खूण भाल्याची असेल, मरण तापाचे आहे. जे रोगाने मरतील ते तुझे, हे आपणच सभेत बोललात. आपण मला टाकून देण्यासाठी ते बोललात. मी मात्र ते वचन मानून इथे घर केले. आपल्या साऱ्या शपथा ज्या भाल्यावर कोरल्या आहेत, त्याच भाल्याने आता शपथ मोडायची असेल, तर मोडा. मी दारातून हलणार नाही."

ओडिनाने भाल्याकडे पाहिले. मग त्याने भाल्याचे टोक खाली केले, आणि हेला बाजूला होऊन म्हणाली, "आता पाहुणे म्हणून आत या."

एकनेत्र ओडिन अग्नीपाशी बसला. पलीकडे केतिल आपल्या लढायांची कथा रंगवून सांगत होता आणि सिग्नी दर वाक्याला ती दुरुस्त करत होती. भोवतालचे म्हातारे पोट धरून हसत होते. ओडिनाने पेला रिता केला, दुसरा मागून घेतला, आणि शेवटी त्यालाही हसू आवरेना. निघताना तो म्हणाला, "यजमानिणीला काही दिल्यावाचून जाणे देवाला शोभत नाही. वर माग."

हेला म्हणाली, "माझा उंबरठा ओलांडून जो आत आला, त्याला कोणत्याही देवाने, आपणही, बळाने नेऊ नये. ज्याला कोणी हवा असेल, त्याने माझ्याकडे मागावा. द्यावा की न द्यावा, हे मी ठरवीन."

"तथास्तु," असे म्हणून ओडिन प्रसन्न चित्ताने देवलोकी परतला. आपण केवढे दान दिले, हे त्या सर्वज्ञालाही तेव्हा उमगले नाही.

पुढे ओडिनाचाच लाडका पुत्र, तेजस्वी बाल्डर, कपटाने मारला गेला आणि पाताळात आला. हेलेने त्याच्यासाठी बाके सोन्याने मढवली, नवे मद्य गाळले, त्याला अग्नीजवळचा मान दिला. देवलोकी सारे वीर चिलखते चढवून उठले. पण ओडिनाने हात वर करून त्यांना थांबवले. सैन्याऐवजी एकच स्वार, तोही निःशस्त्र, हेलेच्या दारी पाठवण्यात आला, आणि घोड्यावरून उतरून, मस्तक लववून त्याने बाल्डराला मागितले. हेलेने त्याला आदराने बसवून घेतले, त्याचे म्हणणे ऐकले आणि सारे जग बाल्डरासाठी रडले तरच त्याला सोडीन, ही आपली अट सांगितली. तेव्हापासून स्वर्गातला कोणीही, कितीही थोर असो, हेलेच्या दारी येतो तो याचक होऊनच येतो.