परातीबाहेरची मूठ

दोन ओढ्यांच्या बेचक्यात एक गाव होतं. उंबरे जेमतेम तीस, मधोमध दगडी चर्च आणि सगळी वस्ती ख्रिस्ताला मानणारी. आता ख्रिस्ताला मानणारी माणसं म्हणजे तिथं भांडणं नसतील, असं काही समजू नका, पोरांनो. भांडणं रग्गड होती. पण ती फार दिवस टिकू नयेत म्हणून कुण्या जुन्या पाळकसाहेबांनी गावाला एक रीत लावून दिली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असे, म्हणजे चर्चमध्ये भाकरीची ताटली फिरायची आणि प्रभूच्या आठवणीत प्रत्येकानं तुकडा घ्यायचा. त्याची भाकर भाजायची एकाच घरी, पण पीठ मात्र गावातल्या झाडून सगळ्या घरांचं. आदल्या दिवशी भाकर भाजणारी बाई परात घेऊन दारोदार फिरायची आणि प्रत्येक घर तिच्या परातीत मूठभर गव्हाचं पीठ टाकायचं. त्या सगळ्या पिठाची एक कणीक आणि त्या कणकेची एकच जाड भाकर. जुन्या पाळकसाहेबांनी वर हेही सांगून ठेवलं होतं की ज्या घराची मूठ कणकेत नाही, त्या घरानं भाकरीच्या ताटलीला हात लावायचा नाही. त्यामुळे व्हायचं काय, रागाच्या भरात मूठ न देणारा माणूस एखादा महिना ताटली तशीच पुढं सरकवायचा आणि दुसऱ्या महिन्यात मुकाट मूठ घेऊन दारात उभा राहायचा.

ही भाकर भाजायचा मान तबीथाबाईकडं होता. बाई मोठी नेमाची. शनिवारी डोक्यावरून न्हायची, चूल सारवायची, भाकर भाजताना कुणाशी बोलायची नाही. तिच्या हातची भाकर कधी करपली नाही की कच्ची राहिली नाही. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर तिची जागा ठरलेली होती, आणि नव्या सुनांना सासवा सांगायच्या, राहावं तर तबीथासारखं.

पण या तबीथाबाईच्या मनात एक अढी होती, आणि ती होती तिच्या थोरल्या जावेबद्दल.

थोरल्या जावेचं नाव सगुणा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता देवाघरी गेलेले. एकेकाळी दोघी एका चुलीवर रांधायच्या, एकमेकींची डोकी विंचरायच्या. मग एका वर्षी गावात तापाची साथ आली आणि तबीथाची चार वर्षांची लेक तीन दिवसांत गेली. मातीला गेलेल्या बायका परत आल्या, अंगणात बसल्या, आणि सगुणा रडता रडता बोलून गेली, "आदल्या दिवशी वैद्याकडं नेली असती तर पोर वाचली असती गं."

बोलायला नको होतं. पण त्या पोरीवर तिचाही जीव होता, दुःखात तोंडाला लगाम राहिला नाही. तबीथाला तो शब्द जिव्हारी लागला, आणि त्याला कारणही तसंच होतं. आपण एक दिवस उशीर केला, हे ती स्वतःच मनाशी म्हणत होती. सगुणा दोनदा तिच्या दारात येऊन चुकले म्हणाली. दोन्ही वेळा तबीथानं दार लोटून घेतलं.

पुढच्या महिन्यात परात घेऊन सगुणाच्या दारात जायची वेळ आली, तेव्हा तबीथानं काय केलं, पाहा. कमरेला एक वाटी खोचून नेली. सगुणानं मूठ पुढं केली तेव्हा परात बाजूला घेतली आणि वाटी पुढं केली. परात भरलीय, म्हणाली. परात काही भरली नव्हती. मग कुंपणाच्या कोपऱ्यावर जाऊन तिनं ती वाटी मुंग्यांच्या वारुळावर उपडी केली. मुंग्यांना पीठ घातलं, म्हणजे पुण्याचंच काम झालं की, अशी मनाची समजूतही घातली. या बाईच्या हातचं पीठ माझ्या भाकरीत नको, एवढंच तिला ठाऊक होतं. भाकर तिची नव्हती, प्रभूची होती, हे ती साफ विसरली.

एकदा झालं, दोनदा झालं, आणि मग त्याचा परिपाठच पडला. अशी नऊ वर्षं गेली. दर महिन्याला सगुणा मूठ घेऊन दारात उभी राही आणि दर महिन्याला ती मूठ मुंग्यांच्या पुढ्यात जाई. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावासाठी तबीथाबाई तीच, पहिल्या सतरंजीवरची.

दहाव्या वर्षी, एका शनिवारी सकाळी ती परात घेऊन सगुणाच्या दारात गेली तर सगुणा दारात नव्हती. तिची सून मूठ घेऊन आली. सासूबाई आठ दिवस अंथरुणावर आहेत, अन्न जात नाही, असं सांगून ती म्हणाली, काकी, आत या ना, जरा बसा त्यांच्यापाशी. तबीथा म्हणाली, परात घेऊन कुठं शिरू आत, अजून निम्मं गाव राहिलंय. मूठ वाटीत घेतली आणि निघाली. तिच्या मनात काहीतरी हललं होतं, नाही असं नाही. पण त्या दिवशी वाटी वारुळावर उपडी करायला तिचा हात धजला नाही, एवढंच काय ते झालं. पीठ तसंच वाटीत घेऊन ती घरी आली.

दुपारी पाळकसाहेब तिच्या ओसरीवर आले. हे पाळकसाहेब वयानं मोठे, बोलायला मोजके. सलाम झाला, पाणी झालं. मग त्यांनी विचारलं, सगुणाबाई नऊ वर्षं ताटली पुढं सरकवतात, तुम्हाला ठाऊक आहे का?

तबीथाला काही समजेना. ती बसायची पुढं, सगुणा बसायची दाराशी शेवटच्या सतरंजीवर. मागं वळून तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

पाळकसाहेबांनी सांगितलं, की मी कितीदा तरी सगुणाबाईंना विचारलं होतं, आणि दर वेळी त्या एवढंच म्हणायच्या की माझी वेळ आली नाही अजून. आज त्यांच्या खाटेपाशी बसून मी म्हटलं, उद्या उपासना झाली की तुम्हाला इथंच भाकर आणून देतो. तेव्हा त्या म्हणाल्या, माझी मूठ त्यात असली तर आणा.

तबीथाला आता उमगलं. म्हणजे सगुणाला ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात तिनं खिडकीतून कुंपणाकडं पाहिलं होतं. आपली मूठ कणकेत नाही, मग रीतीप्रमाणं आपण भाकरीला शिवायचं नाही, असं तिनं मुकाट्यानं मानून घेतलं होतं. कुणाकडं गाऱ्हाणं नाही, चारचौघांत एक शब्द नाही. आणि तरीही दर महिन्याला मूठ घेऊन दारात उभं राहणं तिनं सोडलं नव्हतं. आज तरी घालेल, म्हणत.

"आज जाऊन या," पाळकसाहेब म्हणाले. "आत्ताच जा. कणीक नंतर मळा."

तबीथा म्हणाली, जाते. पाळकसाहेब गेले.

आता इथं नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. तबीथा उठली, वाटी घेतली आणि त्यातलं पीठ परातीत ओतलं. नऊ वर्षांनी ती मूठ बाकीच्या मुठींत मिसळली. तिनं कणीक भिजवली, मळली, मळताना ती हमसून हमसून रडली. त्या रडण्यात खोट नव्हती. पण कणीक मळून झाली आणि मन हलकं झालं, तशी ती स्वतःशी म्हणाली, घातली ना मूठ, मग झालं की. आता रिकाम्या हातानं काय जायचं. उद्या उपासना झाली की भाकर घेऊनच जाईन, तेच शोभेल.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. भाकर हातात असली की भाकरच बोलेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. रिकाम्या हातानं गेलं तर चुकले म्हणावं लागलं असतं. सगुणाचं घर किती लांब होतं म्हणाल, तर हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

रविवारी उजाडलं. भाकर नेहमीसारखी झाली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तबीथानं ती वेदीवर नेऊन ठेवली आणि पहिल्या सतरंजीवर बसली. पाळकसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली, तेव्हा ते समजायचं ते समजले. मग शुभवर्तमानाचा धडा वाचला गेला. प्रभू शिष्यांना सांगतो, की तू तुझं अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग ये.

त्या शब्दासरशी उठून जावं असं तबीथाला वाटलं. तिनं गुडघ्यावर हात टेकलासुद्धा. पण मागं सगळं गाव बसलेलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधून दारापर्यंतची वाट. भाकर भाजणारी बाईच भर उपासनेत उठून गेली, तर लोक काय म्हणतील? आणि आता राहिलंय तरी किती, एक प्रार्थना आणि दोन गीतं. ती पुन्हा नीट बसली. ताटली तिच्यापुढं आली, तिनं तुकडा घेतला आणि तोंडात घातला.

उपासना संपली. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा ताटलीत घेतला, वर फडकं झाकलं, आणि दोघं सगुणाच्या घराकडं निघाली. तबीथा पुढं, पाळकसाहेब मागं. ती इतकी भरभर चालत होती की त्यांना धाप लागली.

सून दारातच बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सांगितलं की शेवटचं गीत चाललं होतं तेव्हा गेल्या.

तबीथा खाटेपाशी गेली. सगुणाचा चेहरा दाराकडं वळलेला होता. तबीथानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि इतकी वर्षं अडून राहिलेला शब्द तिच्या तोंडातून निघाला. चुकले मी, अक्का. अक्का, चुकले. पण ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिनं सुनेला विचारलं, भाकरीची आठवण काढली का गं त्यांनी? त्यांची मूठ मी या खेपेला कणकेत घातलीय, हे तरी त्यांना कळलं होतं का?

सून खरं बोलणारी होती. ती म्हणाली, "काल दुपारपासून त्यांनी खाट दाराकडं फिरवून घेतली होती, काकी. मी म्हटलं, भाकर उद्या येईल. तर म्हणाल्या, भाकरीचं राहू दे. ती येते का, तेवढं बघ."

पाळकसाहेबांनी ताटलीवरचं फडकं उचललं नाही. मेलेल्या माणसाला भाकर देता येत नाही. ते ती तशीच घेऊन परत गेले.

सोमवारी माती झाली. कबरीपाशी सगळं गाव जमलेलं असताना तबीथानं आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. वाटी, वारूळ, नऊ वर्षं, आणि शनिवारची ती दुपारसुद्धा. कुणी तिला बोललं नाही, कुणी जवळही घेतलं नाही. पाळकसाहेब नंतर म्हणाले, देव पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा करतो, बाई. तिनं ते मानलं. देवाची क्षमा तिला मिळालीही असेल. पण सगुणाची क्षमा मागायला जी वेळ होती ती तिनं कणीक मळण्यात घालवली होती, आणि हे दुःख तिच्या मरणापर्यंत तिच्याबरोबर राहिलं.

भाकर भाजायचं काम तिनं सोडलं. पुढं बारा वर्षं ती जगली. गावात कुणाचं कुणाशी वाकडं आलं की ती काठी टेकत त्या घरी जायची, दारात उभी राहायची आणि म्हणायची, आज जा. पाणीसुद्धा घ्यायची नाही. काही लोक तिचं ऐकून उठायचे. काही म्हणायचे, म्हातारीची कटकट झालीय नुसती, आणि दार लावून घ्यायचे.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: ज्याचं मन आपण दुखावलं, त्याच्या घरची वाट चुकवून देवाच्या घरी पोचता येत नाही. आणि ती वाट आजच चालायची असते, रिकाम्या हातानं का होईना, कारण दाराकडं बघणारं माणूस उद्या तिथं असेलच असं नाही.