मर्सीच्या घरचा चरखा

अमेरिकेवर अजून इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, त्या काळी समुद्रकाठच्या एका गावात मर्सी टिल्डन नावाची तरुण बाई राहत असे. तिच्या कपाटात लंडनहून आलेला रेशमी झगा होता आणि माळ्यावर सासूचा जुना चरखा धूळ खात पडला होता.

एकदा राजाच्या सरकारने इथल्या लोकांना न विचारताच बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवला. गावाने ठरवलं, विलायती माल घ्यायचाच नाही. मर्सीने चरखा खाली आणला.

झगा हसून म्हणाला, "तुझ्या सुताचं जाडंभरडं कापड घालून ती चारचौघांत कशी जाईल? लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत," चरखा म्हणाला. "कोणापुढे वाकावं तर लागणार नाही."

मर्सीला कातायची सवय नव्हती. धागा सारखा तुटायचा, बोटं सुजायची. चरखा हळूच म्हणायचा, "घाई करू नकोस, बाई. पुन्हा जोड." मग शेजारणीही आपापले चरखे घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या.

वसंतात विलायती कापडाचं जहाज आलं. धक्क्यावर एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. गठ्ठे न सोडताच जहाज परत गेलं. पुढे सरकारला बरेचसे कर मागे घ्यावे लागले.

ती बातमी आली त्या दिवशी मर्सी आपल्याच सुताचा तपकिरी पोशाख घालून, ताठ मानेने गावच्या सभेला निघाली.

झगा हळू आवाजात म्हणाला, "लढाई न होताच राजा मागे सरला."

"लढाई अजून व्हायची असेल," चरखा म्हणाला. "पण राजावाचून आपलं अडत नाही, हे या गावाला आता कळलंय."